पांढऱ्या पट्ट्याचं मडकं

पौष ३

मोर्शेदा आपा, आधी माफी मागतो. तुम्ही वही देऊन तेरा दिवस झाले आणि पहिली ओळ आज लिहितो आहे. रोज लिहा म्हणाला होतात. वही तांदळाच्या कणगीवर पडून होती. येता-जाता मी तिच्याकडे बघायचो आणि दुसरीकडे तोंड फिरवायचो. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला सरकारी शिक्का मारलेल्या वहीत लिहायला हात धजत नाही. काही चुकलं आणि त्यावरून कुणाला त्रास झाला तर?

काल एक तोड सुचली. ही कच्ची वही करायची. मनात येईल ते इथे लिहायचं, आणि तुम्हाला दाखवायची ती दुसरी आणून त्यात नीट उतरवून काढायचं. म्हणजे ही माफी तुमच्यापर्यंत पोचायची नाही. तरी मागून ठेवतो.

आता पहिल्यापासून. शाळेच्या अंगणात सरकारी आरोग्य खात्याच्या मोर्शेदा आपांनी आम्हा रस काढणाऱ्यांना बोलावलं. कानाईडांग्यात आम्ही नऊ घरं खजुराच्या रसावर थंडी काढणारी. आपा म्हणाल्या, वटवाघळं मडक्याच्या तोंडाशी बसून रस चाटतात, त्यातच मुततात, आणि तो कच्चा रस प्यायला की माणसाला निपा होतो. ताप, डोकेदुखी, गुंगी, मग माणूस भलतंच बोलायला लागतो. रस प्यायल्यापासून पाच दिवस ते दोन आठवडे एवढ्या काळात कधीही. औषध नाही. कढवून गूळ केला तर भीती नाही. कच्चा प्यायचाच असेल तर झाडाला मडक्याच्या वरपर्यंत बांबूच्या कामट्यांचं वेष्टण बांधायचं.

हे खरं आहे हे मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या एका वस्तीत एकाच घरातली पाच माणसं गेली. आपांनी विचारलं, हे गावात पाळून घ्यायला समिती करायची, तिचा प्रमुख कोण होणार? जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवायला लागला. मग लोकमान चहावाला म्हणाला, तोराबभाईंना करा, ते नाही तरी रात्रंदिवस काळजीच करत असतात, आता सरकारसाठी करतील. सगळे हसले आणि मी प्रमुख झालो.

आपा म्हणाल्या, पुढच्या वेळी बायकांनाही बोलावू. मी म्हणालो, त्यांना कशाला, झाडावर आम्ही चढतो, घरी आम्ही सांगू.

खूण अशी ठरली. वेष्टण बांधलेल्या झाडाच्या मडक्याच्या गळ्याला चुन्याचा पांढरा पट्टा. पट्टा असलेलं पिण्यासाठी, नसलेलं कढईत.

पौष ५

वेष्टणं विणतो आहे. सव्वीस झाडांपैकी अकरांना पुरतील एवढाच बांबू आहे. गुडघ्यांमुळे मी आता रस्त्याकडेची पाचच झाडं चढतो. बाकीची धाकटा भाऊ मोक्तार चढतो, तळ्याकाठची तर सगळी त्याचीच.

गावात आमच्या वेष्टणांना घागरे म्हणायला लागले आहेत. सकाळी लोकमानने विचारलं, "काय भाई, झाडांना घागरे नेसवलेत, आता बांगड्या कधी भरणार?" मोक्तारही त्यांच्यातलाच. झाडावरून ओरडून म्हणाला, "ही पोरगी लाजते आहे हो, नेसतच नाही." मी खाली उभा राहून दोरी घट्ट बांध, घट्ट बांध म्हणत होतो. त्याने बांधली. पण त्याची गाठ मला कधी पटत नाही.

अकरा मडक्यांना मी स्वतः पट्टे मारले. पानाच्या डब्यातला चुना संपला म्हणून माझी बायको, कोहिनूरची आई, दिवसभर फुगून बसली होती. चुना कशाला नेला ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आपांच्या फॉर्मात एक प्रश्न आहे, तुम्ही कच्चा रस पिता का. मी "नाही" लिहिलं. हे खरं आहे. नदीपलीकडची ती पाच माणसं गेली त्या थंडीपासून मी एक पेला रस प्यायलेलो नाही. सकाळी मडकी उतरतात तेव्हा प्रत्येकातला तळहातभर घेऊन चाखतो तेवढंच. त्याशिवाय रस गोड आहे की आंबला ते कळणार कसं? माझे अब्बा तसंच करायचे. ते काही पिणं नव्हे.

पौष ९

आज सराव झाला. आपा म्हणाल्या, उद्या खरंच कुणी आजारी पडलं तर काय कराल ते आज करून बघा.

मोक्तारला रोगी केलं. तो लोकमानच्या बाकड्यावर आडवा झाला आणि कण्हायला लागला. मी जवळ गेलो तर मला म्हणाला, "मामा, बकरी आत बांधली का?" त्याला सांगितलंच होतं की रोगी माणसं ओळखेनासा होतो. लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, हा तर रोजचाच मोक्तार, रोग कुठे आहे?

मग मी वहीत लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. रोग्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. त्याचं उष्टं खायचं नाही. त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. तोंडाला फडकं बांधायचं. आणि त्याच दिवशी आपांना फोन, दुसऱ्या दिवशी नाही. नंबर लोकमानच्या दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाने मोठा लिहिला आहे.

एका म्हाताऱ्याने विचारलं, बायको नवऱ्याच्या ताटात जेवते, तिने काय करायचं? आपा म्हणाल्या, तेवढे दिवस वेगळं ताट. तो म्हणाला, हे तिला सांगणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ज्याने त्याने आपापल्या घरी सांगावं.

घरी आलो तेव्हा कोहिनूरची आई भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, काय झालं मीटिंगमध्ये? मी म्हणालो, मोक्तारने नाटक केलं. ती हसली. मग बोलणं दुसरीकडे गेलं.

पौष १४

कोहिनूरचा फोन आला. लोकमान हाक मारायला आला तेव्हा मी अनवाणीच पळालो. लेकीचा फोन म्हटलं की मला आधी वाईटच सुचतं. तसं काही नव्हतं. जावई इद्रिस दोन महिन्यांसाठी वीटभट्टीवर चालला होता आणि घरातला फोन बरोबर नेणार होता. म्हणून जाण्याआधी बोलावं म्हणून केला होता.

मी सांगितलं, जिरानचा रस पाठवतो. झाडांना तीन दिवस विश्रांती देऊन पहिल्या कापाचा जो रस येतो तो जिरान. असा रस पुन्हा महिनाभर मिळत नाही. दर थंडीत पहिलं मडकं लेकीच्या सासरी जातं. माझ्या सासऱ्याने मला पाठवलं होतं, मी इद्रिसच्या घरी पाठवतो.

कोहिनूर म्हणाली, "अब्बा, पाठवा. पण आम्ही आता रस कढवूनच घेतो. माझी टुनी अजून लहान आहे, मला भीती वाटते."

मला राग आला. बाहेरच्या माणसाचा रस कढव, माझा का? मी म्हणालो, "बाप समितीचा प्रमुख आहे, आणि तू त्याचा रस कढवणार? जिरानचा रस कढवायचा असतो का? तुझी सासू काय म्हणेल, बापाचा स्वतःच्या मडक्यावर भरवसा नाही?"

ती म्हणाली, सासूबाई आत्ताच कुरकुर करतात की सून रसाची चव मारते.

मी म्हणालो, "पांढऱ्या पट्ट्याचं मडकं पाठवतो. कच्चाच प्यायचा. टुनीलासुद्धा द्यायचा. माझी आण आहे."

ती म्हणाली, "बरं अब्बा." तिचं हे बरं मला लहानपणापासून माहीत आहे. पाटी घेऊन बस म्हटलं की बरं म्हणायची आणि मागच्या दाराने तळ्यावर पळायची.

पौष १६

जिरान उतरला. सकाळी अंगणात मडकी ओळीने लागली. पट्टा नसलेली मोक्तारने परस्पर कढईत ओतली, व्यापाऱ्याला गूळ हवा होता. पट्ट्याची मी एकेक करून चाखली. सगळी गोड, पण एक असं निघालं की तळहात चाटून पुसून घेतला, पुन्हा ओतून पुन्हा चाखलं. काठाचा टवका उडालेलं मडकं होतं, पण रस असा की अब्बांची आठवण आली. तेच लेकीला पाठवायचं ठरवलं. बाकीचाही कढईत गेला, कारण गूळ कमी पडत होता.

तोंडावर केळीचं पान आणि फडकं बांधलं. पट्टा पुसला जाऊ नये म्हणून वर गवत गुंडाळलं. नावाडी जब्बार लेकीच्या सासरी, नदीतल्या चरावर, म्हणजे वाळूच्या बेटावर, चाललाच होता. त्याला तीनदा सांगितलं, "विहिणीच्या हातात देऊ नको, कोहिनूरच्या हातात दे. आणि सांग, अब्बांनी कच्चा प्यायला सांगितलाय."

जब्बार म्हणाला, "चाचा, मडकं नेतो आहे की नवरी?"

नाव दिसेनाशी होईपर्यंत मी काठावर होतो. आज बरं वाटलं. प्रमुख झाल्यापासून पहिल्यांदा.

पौष १७

जब्बार कसाबसा परत आला. नदीवर धुकं असं की त्याला स्वतःच्या नावेचं टोक दिसत नव्हतं. आता नाव सोडणार नाही म्हणतो.

मडकं पोचलं. कोहिनूरच्याच हातात दिलं. निरोप सांगितला का विचारलं, तर म्हणाला, सांगितला, ती हसली. चुलीवर मोठं पातेलं चढवत होती. थांबा चाचा, पायेश खाऊन जा म्हणाली, पण धुकं उतरायला लागलं होतं म्हणून थांबलो नाही.

मला जब्बारचा राग आला. लेकीने जेवायला थांब म्हटलं आणि हा निघून आला, सासरच्या लोकांना काय वाटलं असेल? आणि कोहिनूरचंही कळत नाही. घरात जिरानचा रस आलेला, त्याच दिवशी तांदळाच्या खिरीचा, पायेशचा घाट कशाला? एका दिवसाला एक गोड पुरे. साखर, दूध, सगळं जास्तीचं. सासू बोलत असणार.

धुक्यात रस गढूळ येतो. कालपासूनचा सगळा कढईतच.

पौष २०

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

झाडं विश्रांतीवर आहेत म्हणून मडकी धुवून उन्हात लावायची होती. ऊन नाहीच, तरी लावली. मी सहज मोजली. पट्ट्याची पंधरा निघाली.

मी पुन्हा मोजली. पंधरा. अकरा वेष्टणं आणि पंधरा पट्टे.

कोहिनूरच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "राहिलेल्यांतली चार मी रंगवली."

"कधी?"

"झालं की आठवडा. तुम्ही ओळीने पट्टे मारत आलात आणि शेवटची तशीच सोडून उठलात. हल्ली विसरता तुम्ही. मी म्हटलं, बोलून दाखवलं तर वाईट वाटेल. म्हणून गुपचूप रंगवायला घेतली. सगळीच करणार होते, पण नवा आणलेला चुना चारांनाच पुरला."

मी खाली बसलो. तिने विचारलं, काय झालं, कमी पडला का चुना?

मोक्तारला हाक मारली. पट्ट्याचं मडकं घागऱ्याच्या झाडालाच लाव, असं मी त्याला सांगितलं होतं ना? तो म्हणाला, हो, तशीच लावली. अकरा झाडं झाली, चार मडकी उरली, ती तळ्याकाठच्या झाडांना लावली. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम जास्तीची केली असतील.

मी विचारलं, "आणि टवका उडालेलं?"

तो लगेच म्हणाला, "ते म्हातारीला. टवका आत खोडाकडे फिरवून लावावा लागला, म्हणून लक्षात आहे."

म्हातारी म्हणजे तळ्याच्या कोपऱ्यातलं जुनं झाड. सगळ्यात गोड तेच. त्याच्या शेजारच्या शिरीषावर दिवसभर वटवाघळं लटकलेली असतात, त्यांच्या घाणीने खालचं गवत पांढरं झालेलं असतं.

मी मोक्तारला शिव्या दिल्या. मग कोहिनूरच्या आईला काही बोलणार होतो, पण तिचा चेहरा बघितला आणि बोललो नाही. तिला पट्टा कशाचा ते माहीतच नव्हतं. माहीत असायला तिला कुणी सांगितलं होतं?

मी तिला आज सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या हातातलं मडकं तिने हळूच जमिनीवर ठेवलं. मग एकच विचारलं, "टुनीने प्यायला असेल का?"

पौष २१

इद्रिसचा फोन बंद. सकाळी, दुपारी, दिवस कलता असराच्या नमाजानंतर, तीनदा लावला. लोकमानने विचारलं, काय एवढं काम आहे? मी म्हणालो, सहज.

धुकं. पलीकडचा काठ नाही, पाणीसुद्धा दिसत नाही, नुसता आवाज. जब्बारला म्हणालो, मला सोड. तो म्हणाला, "चाचा, वाळूच्या पट्ट्यावर रुतलो तर दोघं तिथेच थंडीने मरू. धुकं उठू द्या."

पाच दिवस झाले. पाच ते चौदा.

पौष २२

आपांना सांगायचं की नाही यावर दिवस गेला. सांगितलं तर त्या चरावर माणूस पाठवतील. तो माणूस तोंडाला फडकं बांधून दारात उभा राहील आणि विचारेल, तोराब आलीने पाठवलेला रस कुणी कुणी प्यायला? मग विहीण जन्मभर म्हणेल, तुझ्या बापाने विष पाठवलं. कोहिनूरला त्या घरात राहायचं आहे. आणि इथे? नऊ घरांच्या रसाला कुणी हात लावणार नाही. म्हणतील, प्रमुखाच्याच मडक्याचं असं, मग बाकीच्यांचं काय.

आणि नाही सांगितलं तर टुनी.

हे लिहिलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. यात एवढा विचार करण्यासारखं काय होतं?

पौष २३

भिंतीवरच्या नंबरावर फोन केला. आकडे लोकमानने दाबले. मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने चहा पुढे केला आणि दुकानातल्या लोकांना बाहेर काढलं.

आपा जिल्ह्याच्या गावी आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "चाचा, तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलंत. चरावरच्या आमच्या माणसाला कळवते. त्याचीही नाव अडकली आहे, पण धुकं उठलं की आधी तिथेच जाईल."

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशीचा बाकीचा रस? मी म्हणालो, सगळा कढवला. मोक्तार प्यायला? नाही, त्याला रस बाधतो. चाची? तिला साखरेचा आजार आहे, ती गोडाला शिवत नाही.

"आणि तुम्ही स्वतः, चाचा?"

"नाही आपा," मी म्हणालो. "एक पेलासुद्धा नाही. चार वर्षं झाली."

त्या म्हणाल्या, "घरात कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी फोन करा. भिऊन लपवू नका."

मी म्हणालो, मीच सगळ्यांना तेच सांगतो.

फोन ठेवल्यावर लोकमान म्हणाला, "भाई, इतकी वर्षं तुम्ही उगाच काळजी करायचात, आम्ही हसायचो. आज तुम्ही करा, मी हसत नाही." त्याचे ते शब्द ऐकून मला जास्तच भीती वाटली.

पौष २५

नऊ दिवस. काही खबर नाही. मोक्तार गूळ घेऊन मोठ्या बाजाराला गेला आहे, तीन-चार दिवस येत नाही. वाटेत इद्रिसच्या भट्टीवर कुणी ओळखीचं सापडतं का बघ म्हणून सांगितलं आहे.

कालपासून डोकं ठणकतं आहे. कढईजवळ बसून बसून धूर गेला असणार, ओली लाकडं जाळतो आहोत. त्यात झोप नाही. जेवायला बसलो तर घास फिरायला लागला. अर्धा भात तसाच राहिला. कोहिनूरची आई म्हणाली, अन्न टाकू नये, आणि माझ्याच ताटावर बसून तिने तो संपवला. इतकी काळजी मनात असून तिला जेवण जातं हे बघून मला बरं वाटलं.

पक्की वही आणायची राहिली. आपा मागतील.

पौष २६

अंग तापलं आहे. धुक्यात नदीवर उभा राहिलो ते बाधलं. कोहिनूरची आई सारखी ओलं फडकं ठेवते, आणि काय हवं ते ऐकायला कान माझ्या तोंडाशी आणते, माझा आवाज बारीक झाला आहे. लोकमान दारातून डोकावून म्हणाला, आपांना फोन करू का? मी म्हणालो, अजून चरावरून काही कळलेलं नाही, उगाच त्यांना कशाला त्रास? त्या म्हणतील म्हाताऱ्याला धीर नाही. थंडीने अंग दुखतं आहे एवढंच. तो गेला. थोडा वेळ अंगणात उभा होता असं ती म्हणाली.

दुपारभर डोळा लागला. दिवसा मी कधी झोपत नाही. उठलो तेव्हा तिला म्हटलं, कोहिनूर, बकरी आत बांधली का? ती म्हणाली, बकरी कुठली, बकरी विकून सहा वर्षं झाली. मग आम्ही दोघं हसलो. मोक्तारचं ते नाटक डोक्यात बसलं आहे, दुसरं काय.

दहा दिवस. टुनी चार वर्षांची आहे. एवढ्याशा पोटात किती जाईल. एक वाटी. वाटीसुद्धा नाही.

पौष १६

धुकं उठलं. कोहिनूरची आई सांगते, नदी स्वच्छ दिसते आहे आणि जब्बार नाव सोडतो आहे. हे पान फाडून त्याच्याबरोबर देणार आहे. लोकमान पुन्हा आला होता, तोंडाला गमछा बांधून दारातच उभा राहिला आणि तिला काहीतरी सांगून दुकानाकडे पळत गेला. थंडी त्यालाही बाधली असावी.

कोहिनूर, अक्षर वाकडं आलं आहे, सासूला दाखवू नको. प्रकाश डोळ्यांत जातो म्हणून दार लावून लिहितो आहे.

पट्टा तुझ्या आईने मारला, तिला बोलू नको. तिला मी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाचून दाखवलं, तिला तेवढं सांगितलं नाही.

तू तळ्यावर जाऊ नको. कोपऱ्यातल्या झाडाखाली तर अजिबात नाही, तिथलं गवत चांगलं नाही. पाटी घेऊन बस. बरं म्हणतेस आणि मागच्या दाराने पळतेस, मला सगळं माहीत आहे. मी कधी मारलं का तुला त्याबद्दल?

मी आण घातली होती. ती परत घेतली. घातलेली आण परत घेता येते का ते मौलवीसाहेबांना विचारायचं राहिलं, पण मी घेतली.

जब्बारकडे मडकं परत देऊ नको, फोडून टाक. आणि फक्त एक सांग. तो रस चुलीवर चढवलास का? या वेळी बापाचं ऐकलं नसशील तर फार चांगलं केलंस. हो की नाही, एवढंच जब्बारजवळ सांग. नाव उभीच आहे, तो थांबेल. लौकर कळव, बाळ.